बोर्डो मिश्रणातील रासायनिक क्रिया व त्यांचा समतोल

पावसाळा तोंडावर आला म्हणजे वसई-विरार पट्ट्यातील वाड्यांतून मोरचूद व चुना यांची जुळवाजुळव सुरू होते. सुपारीचा कोळेरोग व पानवेलीची मर या व्याधी फायटोप्थोरा वर्गातील बुरशीमुळे उद्भवतात. बोर्डो मिश्रणाने त्यांना आळा बसतो. परंतु मिश्रण बिघडले, तर तेच औषध कोवळी पाने करपविते. फ्रान्समधील प्राध्यापक मिलार्दे यांनी १८८५ साली प्रसिद्ध केलेल्या या मिश्रणाच्या कृतीत रासायनिक क्रियांचे चारही प्रमुख प्रकार आढळतात. ते ध्यानी घेतल्यास चूक कोठे होते, हे सहज कळेल.

१. अपघटन : एका पदार्थापासून अनेक पदार्थ होणे. चुनखडी अथवा शिंपले भट्टीत भाजले असता कळीचा चुना उरतो व कार्बन डायऑक्साइड वायू निघून जातो. १०० किलो शुद्ध चुनखडीपासून ५६ किलो चुना व ४४ किलो वायू मिळतो.

२. संयोग : अनेक पदार्थांचा एक पदार्थ होणे. ५६ किलो कळीचा चुना १८ किलो पाण्याशी संयोग पावून ७४ किलो विरलेला चुना होतो. या वेळी पुष्कळ उष्णता निघते. म्हणून चुना विरविताना डोळे व हात सांभाळावेत.

३. विस्थापन : एका मूलद्रव्याने दुसऱ्यास हुसकावून त्याची जागा घेणे. मोरचुदाच्या द्रावणात लोखंड घातल्यास लोखंड विरघळते व तांबे त्यावर बसते. यास्तव लोखंडी पिंप कधीही वापरू नये.

४. दुहेरी विस्थापन : दोन संयुगांतील घटकांची अदलाबदल होणे. मोरचूद व विरलेला चुना एकत्र येताच निळसर साका तयार होतो. हाच बोर्डो मिश्रणाचा प्राण होय.

या अखेरच्या क्रियेचे समीकरण असे मांडता येते :

४ मोरचूद + ३ विरलेला चुना → १ क्षारीय ताम्र सल्फेट + ३ कॅल्शियम सल्फेट

हे आकडे कोठून आले? क्रियेत कोणताही अणू नव्याने निर्माण होत नाही वा नष्ट होत नाही. म्हणून दोन्ही बाजूंचा हिशेब जुळलाच पाहिजे. क्षारीय ताम्र सल्फेटात तांबे ४, सल्फेट १ व हायड्रॉक्साइड ६ असतात. तांबे ४ हवे, म्हणून मोरचूद ४. त्याबरोबर सल्फेटही ४ आले. पैकी १ साक्यात गेले, उरलेल्या ३ साठी कॅल्शियम ३ लागले, म्हणजेच चुना ३. प्रत्येक चुन्यात हायड्रॉक्साइड २, म्हणून एकूण ६. हिशेब पुरा झाला. समतोल साधताना पदार्थापुढील आकडाच बदलावा. पदार्थाची घडण बदलू नये.

आता वजने पाहू. मोरचुदाचे स्फटिक २५० व विरलेला चुना ७४ भाराचा धरल्यास ४ × २५० = १००० आणि ३ × ७४ = २२२. म्हणजे १ किलो मोरचुदास निदान २२२ ग्रॅम शुद्ध विरलेला चुना हवाच. तो कमी पडल्यास मोकळे तांबे उरते व पाने करपतात. मग शिफारस १ किलो चुन्याची का? बाजारातील चुना शुद्ध नसतो, आणि उघडा राहिलेला चुना हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषून पुन्हा चुनखडी बनतो. शिवाय मिश्रण किंचित अल्कधर्मी राहणे पिकास हितकर असते.

एक टक्का मिश्रणासाठी १ किलो मोरचूद ५० लिटर पाण्यात व १ किलो ताजा कळीचा चुना ५० लिटर पाण्यात, प्लास्टिकच्या अथवा मातीच्या निरनिराळ्या भांड्यांत तयार करावा. चुना गाळून घ्यावा. दोन्ही द्रावणे तिसऱ्या भांड्यात एकाच वेळी ओतून ढवळावीत. नंतर घासून लखलखीत केलेले कोयत्याचे पाते त्यात थोडा वेळ बुडवावे. पात्यावर तांबडा थर चढल्यास विस्थापन घडले, अर्थात मोकळे तांबे शिल्लक आहे, असे समजून थर येईनासा होईपर्यंत चुन्याची निवळी घालावी. मिश्रण त्याच दिवशी वापरावे. पानवेलीवर फवारण्यापूर्वी तोडणीयोग्य पाने खुडून घ्यावीत आणि पुढील तोडणीचा काळ तालुका कृषी कार्यालयात विचारून ठरवावा.

वाड्यांचे क्षेत्र दिवसेंदिवस आकसत असताना हाती असलेली वेल चुन्याच्या हिशेबापायी गमावणे परवडणारे नाही. बागायतदार बंधूंनी तागडी व कोयता ही दोन साधने जवळ ठेवावीत, म्हणजे रसायनशास्त्राचा नियम त्यांच्या वाडीचे रक्षण करील.