परिषदेआधीची दहा मिनिटं

हिवाळा आला की पुण्यात पाषाण रस्त्यावरच्या प्रयोगशाळांपासून गणेशखिंडीतल्या विद्यापीठापर्यंत संशोधक विद्यार्थ्यांची एकच धांदल उडते. कुणाच्या ‘आविष्कार’ संशोधन स्पर्धेच्या फेऱ्या असतात, कुणाचा सारांश परिषदेनं स्वीकारलेला असतो, कुणाला पोस्टर छपाईला टाकायचं असतं. या धांदलीत वरच्या वर्गाकडून खालच्या वर्गाकडे काही समजुतीही जात राहतात. त्यांतल्या बऱ्याच चुकीच्या आहेत, आणि त्यांची किंमत नवख्या मुलामुलींना मोजावी लागते.

गैरसमज : परिषदेत बोलावं ते मोठ्या संस्थेतल्या, पीएचडी झालेल्या माणसानं.

दत्तात्रय रामचंद्र कापरेकर आपल्या फर्ग्युसन महाविद्यालयाचे विद्यार्थी. पुढे १९६२ पर्यंत देवळालीत त्यांनी शाळेत शिकवलं. नावामागे डॉक्टरेट नव्हती, पाठीशी संशोधन संस्था नव्हती. १९४९ साली मद्रासच्या गणित परिषदेत त्यांनी ६१७४ या संख्येचा गुणधर्म मांडला. कोणतीही चार अंकी संख्या घ्या, फक्त चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमानं मांडा, त्यातून चढत्या क्रमानं मांडलेली संख्या वजा करा, उत्तराचं पुन्हा तेच करा (ते तीन अंकी आलं तर आधी शून्य धरा). ३५२४ घेतली तर ३०८७, मग ८३५२, मग ६१७४. आणि तिथून पुढे ६१७४च. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत प्रत्येक संख्या तिथे पोचते. हे पडताळायला श्रोत्याला कागद आणि पेन्सिल पुरते. सादरीकरणाची तयारी करताना मी प्रत्येकाला हे उदाहरण देतो, कारण समोरच्याला स्वतः तपासता येईल असा एक निष्कर्ष हातात असला की बोलणारा कुठून आला हे कुणी विचारत नाही.

गैरसमज : दहा मिनिटं तर बोलायचं आहे, त्याला कसली तयारी?

फेब्रुवारी १९६१. केंब्रिजच्या मार्टिन राइल यांनी रेडिओ स्रोतांच्या मोजणीवरून विश्वाच्या स्थिर स्थितीचा सिद्धांत टिकत नाही असा दावा केला होता. लंडनच्या रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीत त्याला उत्तर द्यायचं होतं, पण तो सिद्धांत मांडणाऱ्यांपैकी फ्रेड हॉइल यांना त्या दिवशी जाता येणार नव्हतं. ते काम त्यांनी आपल्या विद्यार्थ्यावर, जयंत नारळीकरांवर सोपवलं. नारळीकर तेव्हा २२ वर्षांचे होते आणि त्यांचं संशोधन नुकतंच सुरू झालं होतं. अशा सभेत थोडक्या वेळात पाल्हाळाला जागा नसते, म्हणूनच तयारी लागते.

सावकाश, कळेल असं बोललं तर दहा मिनिटांत हजार-बाराशे शब्द मावतात. म्हणजे या लेखाच्या जेमतेम दुप्पट. एक प्रश्न, तो कसा सोडवला ते, एक आलेख, एक उत्तर. नवखा विद्यार्थी मात्र चार वर्षांचं काम तीस स्लाइडांत कोंबतो, पहिली सहा मिनिटं प्रस्तावनेत घालवतो, आणि अध्यक्षांनी घंटा वाजवली की स्वतःचा निष्कर्ष धावत वाचून दाखवतो. मोठ्यानं बोलून, घड्याळ लावून, किमान पाच वेळा सराव करायला हवा. मनात म्हटलेलं भाषण नेहमी वेळेत संपतं.

गैरसमज : परिषदेआधी काम कुणाला दाखवू नये. चूक निघाली तर शोभा होते.

चूक आधी निघाली तर शोभा टळते. याचीही गोष्ट नारळीकरांच्या चरित्रातलीच आहे. जून १९६४ मध्ये रॉयल सोसायटीत हॉइल यांनी आपला आणि नारळीकरांचा गुरुत्वाकर्षणाचा नवा सिद्धांत मांडला. भाषण संपल्यावर एक तरुण विद्यार्थी उठला आणि म्हणाला, तुमच्या समीकरणातली ही राशी अनंत होते. तो स्टीफन हॉकिंग. त्याची खोली नारळीकरांच्या शेजारी होती आणि ते गणित त्यानं त्यांच्याकडून आधीच पाहिलेलं होतं. हॉइल नाराज झाले, पण आक्षेप गणिताचा होता.

या प्रसंगातून बहुतेक जण हॉकिंगच्या हुशारीची आठवण ठेवतात. मला त्यात शेजारची खोली दिसते. पहिला परीक्षक तिथेच बसलेला असतो. कागद त्याच्या हाती दिलात, तर दोन दिवसांनी जाऊन ‘काय खटकलं?’ एवढं विचारा.

गैरसमज : सारांश म्हणजे नुसती औपचारिकता.

इथे नुकसान खरोखर मोठं होतं. छापलेला सारांश म्हणजे जाहीर प्रकटीकरण. त्यात नवं रसायन किंवा नवी रचना सांगून टाकली की पेटंटसाठी लागणारं नावीन्य धोक्यात येतं. भारतीय पेटंट कायद्याच्या कलम ३१ मध्ये विद्वत्संस्थेपुढे स्वतः वाचलेल्या निबंधासाठी १२ महिन्यांची सवलत आहे. युरोपात तशी सवलत नाही. डॉ. रघुनाथ माशेलकर १९८९ ते १९९५ या काळात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे संचालक होते. आधी पेटंट, मग प्रकाशन, हा आग्रह त्यांनी सातत्यानं धरला. सारांश पाठवण्याआधी गाइडला ‘आधी पेटंटचा अर्ज करायचा का?’ हा एक प्रश्न विचारायलाच हवा.

गैरसमज : नावात ‘आंतरराष्ट्रीय’ असलं की परिषद चांगली.

नाही. पैसे भरताच स्वीकृती आणि नियतकालिकात छापण्याची हमी मिळत असेल तर दूर राहा. नियतकालिकांचाही भरवसा नसतो : विद्यापीठांनी सुचवलेली १००९ नियतकालिकं पुण्यातल्या अभ्यासकांनी तपासली आणि २०१८ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. निकषांवर उतरली फक्त ११२.

गैरसमज : इंग्रजी फर्डं नसेल तर गप्प बसावं.

आंतरराष्ट्रीय परिषदेतल्या कितीतरी श्रोत्यांची मातृभाषा इंग्रजी नसते. जपानी किंवा ब्राझिलियन संशोधकाला तुमची छोटी, सरळ वाक्यंच हवी असतात. अडखळण्याचं कारण बहुतेकदा भाषा नसून, आपण नेमकं काय शोधलं हे अजून स्वतःलाच नीट न उमगणं हे असतं.

म्हणून एक विनंती. पोस्टर छपाईला टाकण्याआधी एका संध्याकाळी आईला, आजोबांना किंवा वाणिज्य शाखेतल्या मित्राला समोर बसवा आणि आपला प्रश्न मराठीत सांगा. ते जिथे थांबवतील, तिथली स्लाइड बदला.