टू-स्ट्रोक गाडी : तेलाचे माप आणि कार्बोरेटरची सेटिंग

दुचाकी दुरुस्तीचा धंदा थोड्या भांडवलात उभा राहतो. पाने, पक्कड, स्क्रू-ड्रायव्हर आणि हातात कसब असले की लालबाग-परळच्या एखाद्या गल्लीतही माणूस पोटापुरते कमावतो. पण एका चुकीच्या सेटिंगने ग्राहकाचे इंजिन जाम होते आणि मेकॅनिकचे नाव खराब होते. टू-स्ट्रोक गाडीत ही चूक फार लवकर घडते.

या गाड्या आता बनत नाहीत, मग त्यांची माहिती कशाला, असे कोणी विचारील. यामाहा आरएक्स १०० ही गाडी १९८५ ते १९९६ या काळात तयार झाली. मातीच्या ट्रॅकवरील शर्यतींतही ती धावली. आज ती हौसेने जपणारे बरेच आहेत आणि हे काम जाणणारे कारागीर मात्र कमी होत चालले आहेत. तरुणांनी ही संधी ओळखावी.

इंजिनाचा हिशेब

आरएक्स १०० चा बोअर ५० मिलिमीटर आणि स्ट्रोक ५० मिलिमीटर. त्यावरून क्षमता ९८ सी.सी. येते. ताकद सुमारे ११ अश्वशक्ती. बजाज चेतक स्कूटरचे दोन्ही आकडे ५७ मिलिमीटर, म्हणून क्षमता १४५ सी.सी. टू-स्ट्रोकमध्ये पिस्टनच्या प्रत्येक दोन फेऱ्यांत एकदा स्फोट होतो. त्यामुळे इंजिन लहान असूनही पिकअप जोरदार मिळतो.

मात्र फोर-स्ट्रोकप्रमाणे येथे क्रँकखाली तेलाचा साठा नसतो. पेट्रोल व हवेचे मिश्रण क्रँककेसमधूनच वर जाते. त्यात मिसळलेले तेल हेच पिस्टन, रिंग आणि बेअरिंगचे वंगण. तेल नाही तर इंजिन नाही.

तेल किती घालावे

चेतकसारख्या गाडीला २ टक्के तेल लागते. म्हणजे एक लिटर पेट्रोलला २० मिलिलिटर, पाच लिटरला १०० मिलिलिटर. बाजारात मिळणाऱ्या ४९ सी.सी.च्या लहान मुलांच्या डर्ट बाइकपैकी अनेकींना २५ ला १ असे प्रमाण सांगितलेले असते. तेथे लिटरला ४० मिलिलिटर पडतात. गाडीच्या पुस्तिकेतील प्रमाण हेच प्रमाण मानावे. तेल टू-टीचेच हवे. फोर-स्ट्रोकचे इंजिन ऑइल चालत नाही. बाटलीच्या झाकणाने अंदाज करू नये, मापाचे भांडे ठेवावे.

आरएक्समध्ये तेलाची वेगळी टाकी आणि पंप असतो. पंप चालू असेल तर पेट्रोलमध्ये पुन्हा तेल घालू नये. पंप काढून टाकलेला असेल तर ही गोष्ट ग्राहकाला आठवणीने सांगावी. नुसते पेट्रोल भरून तो निघाला तर पिस्टन धरलाच म्हणून समजा.

धुराचे खरे कारण

गाडी धूर फेकते म्हणून तेल कमी करणे ही सर्वांत मोठी चूक. तेलाचे माप आणि कार्बोरेटरची सेटिंग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एकीचा दोष दुसरीवर काढू नये. माप बरोबर असूनही पांढरा धूर थांबत नसेल आणि गिअर ऑइल कमी होत असेल, तर क्रँकचे ऑइल सील तपासावे. ते फाटले की इंजिन गिअरबॉक्समधले तेल ओढते. दुसऱ्या बाजूचे सील गेले तर इंजिन बाहेरची हवा ओढते, रेस आपोआप चढते आणि मिश्रण पातळ होते. असे असताना जेट बदलून काही उपयोग नाही.

कार्बोरेटर

आधी एअर फिल्टर आणि जेट साफ करावेत, गाडी गरम करावी, मगच स्क्रूला हात लावावा. स्लोला गाडी पायलट जेट व एअर स्क्रूवर चालते. पाव ते पाऊण रेसमध्ये सुईचे काम असते आणि पूर्ण रेसमध्ये मेन जेटचे. सुईची क्लिप खालच्या खाचेत लावली की सुई वर उचलली जाते आणि पेट्रोल वाढते. एअर स्क्रू बाहेर काढला की हवा वाढते. काही कार्बोरेटरमध्ये हे उलटे असते, म्हणून आधी ओळख करून घ्यावी. शेवटी प्लग पाहावा. चहासारखा तपकिरी असेल तर सेटिंग बरोबर. काळा व ओला असेल तर पेट्रोल किंवा तेल जास्त. पांढरट असेल तर मिश्रण पातळ, आणि हाच खरा धोका.

आजच्या पेट्रोलची अडचण

२०२५ पर्यंत देशभर २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल आले. पेट्रोल पूर्ण जळायला वजनाने सुमारे १४.७ पट हवा लागते, इथेनॉलला सुमारे ९ पट. म्हणून जुन्याच जेटवर मिश्रण थोडे पातळ पडते. जुन्या गाडीचा प्लग पांढरट दिसू लागला तर एक माप मोठा जेट लावून पुन्हा तपासावे. इथेनॉल ओलावाही शोषून घेते. मुंबईच्या पावसाळ्यात गाडी आठवडेच्या आठवडे उभी राहणार असेल तर कार्बोरेटर रिकामा करावा. जुने रबरी पाइप आणि वॉशर बदलावेत.

ग्राहकाचा आग्रह

"ॲव्हरेज वाढवून द्या," असे प्रत्येक ग्राहक म्हणतो. मिश्रण पातळ केले की चार दिवस ॲव्हरेज वाढतेही. नंतर पिस्टन तापून धरतो, सिलिंडर बोअर करून ओव्हरसाइज पिस्टन घालावा लागतो आणि वाचलेल्या पेट्रोलच्या कितीतरी पट खर्च होतो. उलट मिश्रण फार घट्ट ठेवले तर गाडी पीयूसीत अडते. ३१ मार्च २००० पर्यंत बनलेल्या दुचाकीला कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ४.५ टक्के आहे, त्यानंतरच्या टू-स्ट्रोक गाडीला ३.५ टक्के.

म्हणून कारागिराने स्पष्ट सांगावे की ॲव्हरेज इतकेच मिळेल, इंजिन मात्र टिकेल. कोणता जेट लावला, तेलाचे प्रमाण किती ठेवले, हे बिलावर लिहून द्यावे. त्या दिवशी एखादा ग्राहक नाराज होऊन जाईल. पण ज्याची गाडी वर्षभर तक्रारीविना चालेल, तो आणखी चार जणांना घेऊन येईल.