कोणतं पान काढायचं?

शिकवणीला येणाऱ्या मुलांचे आईवडील हल्ली मला हमखास एक प्रश्न विचारतात. "सर, पोरं ते कसले पत्ते खेळायलेत? जुगार तर न्हाई ना?" मुरुमसारख्या गावात हा प्रश्न रास्त आहे. पत्ते म्हटलं की झाडाखाली बसलेलं टोळकं आणि मधे ठेवलेल्या नोटा डोळ्यांसमोर येतात. मी आधी सांगतो की या खेळात पैसे लावत नाहीत. मग रमीचा दाखला देतो. सर्वोच्च न्यायालयाने १९६८ मध्येच रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ मानला, कारण कोणतं पान धरायचं आणि कोणतं सोडायचं हे ठरवायला डोकं लागतं. आमची मुलं जो खेळ खेळतात, त्यात हे धरणं-सोडणं डाव मांडण्याच्या कितीतरी आधी सुरू होतं.

हा खेळ पोकेमॉनच्या पत्त्यांचा. कार्टून आपल्याकडे २००३ पासून टीव्हीवर दिसू लागलं आणि त्यातली नावं मुलांना तोंडपाठ झाली. पण मुरुमच्या बाजारात स्टेशनरीच्या दुकानात टांगलेली ती चकचकीत सोनेरी पाकिटं म्हणजे खेळ नव्हे. ती पानं नकली असतात, त्यांच्यावरचे आकडे मनाला येईल तसे छापलेले असतात आणि कुठल्याही अधिकृत स्पर्धेत ती चालत नाहीत. मुलांनी ती गोळा करावीत, वहीत लावावीत, त्यात वावगं काही नाही. मात्र खऱ्या पानांवर बारीक अक्षरात जे लिहिलेलं असतं ते वाचायला लागल्यावर खेळाची खरी गंमत सुरू होते.

आपल्या मेंढीकोटात किंवा बदाम सातमध्ये सगळ्यांचा कॅट एकच असतो. ५२ पानं पिसायची, वाटायची, हाती येईल ते खेळायचं. इथे प्रत्येक खेळाडू स्वतःचा कॅट घरून बांधून आणतो. त्याला डेक म्हणतात. गणितात पीएच.डी. केलेल्या रिचर्ड गारफिल्ड यांनी ही कल्पना 'मॅजिक : द गॅदरिंग' या खेळातून जगापुढे आणली. तो खेळ ऑगस्ट १९९३ मध्ये अमेरिकेत बाजारात आला. त्याच धर्तीवर १९९६ मध्ये जपानमध्ये पोकेमॉनचे पत्ते निघाले.

नियम थोडक्यात सांगतो. डेक बरोबर ६० पानांचा, एकही कमी नाही, एकही जास्त नाही. एका नावाची जास्तीत जास्त चार पानं. हल्ल्यासाठी लागणाऱ्या साध्या ऊर्जेच्या पानांना ही मर्यादा नाही. सुरुवातीला सात पानं हातात घ्यायची. त्यात निदान एक 'बेसिक', म्हणजे थेट मैदानात उतरू शकणारा पोकेमॉन असावाच लागतो. नसेल तर हात दाखवून पुन्हा पिसायचं, आणि समोरच्याला त्याबद्दल एक पान जादा उचलता येतं. सहा पानं बक्षीस म्हणून पालथी बाजूला ठेवायची. समोरच्याचा पोकेमॉन पाडला की आपलं एक बक्षीस उचलायचं. 'ईएक्स' जातीचा बलाढ्य पोकेमॉन पाडला तर दोन. आधी सहाही उचलेल तो जिंकला. जिंकण्याच्या आणखीही वाटा आहेत, पण मुख्य वाट ही.

आता खरी गोष्ट. २०२४ च्या दिवाळीच्या सुट्टीत माझा भाचा मुरुमला आला होता. मोबाइलवर फुकट मिळणाऱ्या ॲपमध्ये त्याने बांधलेला डेक त्याने मला मोठ्या अभिमानाने दाखवला. चार चार्मँडर, चार चार्मिलियन, चार चारिझार्ड ईएक्स. त्याखेरीज स्क्वर्टलपासून ब्लास्टॉइज ईएक्सपर्यंत वाढत जाणारी एक साखळी आणि गॅस्टलीपासून गेंगार ईएक्सपर्यंतची दुसरी. तीन रंगांची मिळून १८ ऊर्जेची पानं. तीनशेच्या वर ताकद असलेले तीन-तीन राक्षस एकाच डेकमध्ये, आणि पोरगं सारखं हरत होतं.

मी त्याला कागद-पेन घ्यायला लावलं. दहावीच्या बीजगणितात संभाव्यतेचं प्रकरण आहे, त्यात ५२ पत्त्यांतून एक्का निघण्याची उदाहरणं असतात. तोच हिशेब इथे करायचा, फक्त ५२ च्या जागी ६०. त्याच्या डेकमध्ये बेसिक पोकेमॉन होते आठ : चार चार्मँडर, दोन स्क्वर्टल, दोन गॅस्टली. साठात आठ असतील तर पहिल्या सात पानांत एकही न येण्याची शक्यता जवळजवळ ३५ टक्के निघते. म्हणजे दर तीन डावांत एकदा तो खेळायच्या आधीच समोरच्याला जादा पान देत होता. हेच बेसिक बारा केले तर आकडा १९ टक्क्यांवर येतो. दुसरा हिशेब : एखाद्या पानाच्या चार प्रती ठेवल्या तरी ते पहिल्या सातांत येण्याची शक्यता ४० टक्केच. एकच प्रत ठेवली तर साधारण १२ टक्के. शिवाय ते एकुलतं एक पान बक्षिसात अडकून पडण्याची शक्यता १० टक्के.

हे आकडे एकदा स्वतःच्या हाताने काढले की डेककडे बघायची नजर पालटते. पान किती भारी आहे यापेक्षा ते वेळेवर हातात येतं का, हा प्रश्न मोठा होतो. मला या खेळातली सगळ्यात मोलाची गोष्ट हीच वाटते. मुलांना वाटतं, चांगला डेक म्हणजे चांगली पानं घालणं. खरं तर चांगला डेक चांगली पानं काढून टाकून तयार होतो.

"मामा, एवढं भारी पान काढायचं व्हय?" गेंगारवर बोट ठेवून त्याने विचारलं. काढायचंच. गेंगारची आणि ब्लास्टॉइजची अशा दोन्ही साखळ्या गेल्या. मग आम्ही चारिझार्डचं पान नीट वाचलं. २०२३ च्या 'ऑब्सिडियन फ्लेम्स' संचातल्या या चारिझार्ड ईएक्सला एक अंगची शक्ती आहे, खेळाडू तिला ॲबिलिटी म्हणतात : हातातून हे पान टाकून उत्क्रांती केली की डेकमधून आगीच्या ऊर्जेची तीन पानं शोधून आपल्या पोकेमॉनांना लावता येतात. त्याच्या हल्ल्याला लागते ऊर्जा दोनच पानांची. म्हणजे ऊर्जा डेकमध्ये असणं फायद्याचं, हातात येणं तोट्याचं. मग १८ पानं कशाला? अठरा असली की पहिल्या हातात सरासरी दोन येऊन बसतात आणि कामाच्या पानांची जागा अडवतात. आम्ही ती सातवर आणली, सगळी आगीची.

चार्मिलियनही चाराचा एक झाला. 'रेअर कँडी' नावाचं पान असलं की मधली पायरी गाळून चार्मँडरचा थेट चारिझार्ड करता येतो. फक्त चार्मँडर मैदानात उतरल्याच्या त्याच खेळीत नाही, पुढच्या खेळीत. कँडी आलीच नाही तर अडू नये म्हणून एक चार्मिलियन ठेवला. चारिझार्ड तीन. मोकळ्या झालेल्या जागी आली पानं शोधून आणणारी पानं. 'बडी-बडी पॉफिन' दोन छोटे बेसिक पोकेमॉन थेट मैदानात आणतं. 'अल्ट्रा बॉल' हातातली दोन पानं टाकायला लावून हवा तो पोकेमॉन देतो. पिजीपासून वाढणारा पिजॉट ईएक्स दर खेळीला डेकमधून कोणतंही एक पान काढून देतो. साठ पानांच्या खेळात यापरती श्रीमंती नाही. मदतीचे लहान पोकेमॉन धरून बेसिक बारा झाले. नव्या डेकमध्ये राक्षस तीनच होते, आणि तेही एकाच जातीचे. पण ते दुसऱ्या-तिसऱ्या खेळीला हमखास मैदानात दिसू लागले.

हा धडा जुना आहे. १९९६ मध्ये अमेरिकेतल्या अटलांटात मॅजिकच्या एका पात्रता स्पर्धेत पॉल स्लाय हा खेळाडू जे श्नायडरने आखलेला डेक घेऊन उतरला आणि अंतिम फेरीपर्यंत गेला. त्यात 'आयर्नक्लॉ ऑर्क्स'सारखी पानं होती, जी लोक हातही न लावता बाजूला टाकत. श्नायडरने पानाची ताकद न बघता प्रत्येक खेळीला त्या खेळीपुरत्या खर्चाचं पान हातात असेल अशी मांडणी केली होती. त्या पद्धतीला आजही स्लायचंच नाव आहे.

डेक उभा राहिला की पुढचं काम मशागतीचं, आणि ते किचकट आहे. माझा नियम असा की एका वेळी एक किंवा दोनच पानं बदलायची. पाच पानं एकदम बदलली की फरक कशामुळे पडला ते कळत नाही. भाच्याला मी वहीत दोन रकाने आखून दिले : 'हवं होतं, आलं नाही' आणि 'आलं, पण नको होतं'. डाव जिंकला तरी लिहायचं, हरला तरी लिहायचं. जिंकलेल्या डावातही एखादं पान सुरुवातीपासून शेवटपर्यंत हातात पडून राहिलेलं असतं, ते विजयाच्या आनंदात कुणी बघत नाही. दुसऱ्या रकान्यात एकच नाव पुन्हा पुन्हा आलं की ते पान काढायचं. पहिल्या रकान्यात त्याने सगळ्यात जास्त वेळा लिहिलं 'बॉसेस ऑर्डर्स'. या पानाने समोरच्याच्या मागच्या बाकावरचा पोकेमॉन ओढून पुढे आणता येतो आणि दुबळा गडी गाठून बक्षीस घेता येतं. त्याची एक प्रत वाढवायची ठरली. पण साठ म्हणजे साठ, एक घालायचं तर एक काढावं लागणार. कोणतं, यावर आमचा बराच वाद झाला. शेवटी त्याने स्वतः अल्ट्रा बॉलची एक प्रत काढली. मला ते पटलं नव्हतं, तरी मी बदलायला लावलं नाही. डेक ज्याचा त्याने ठरवावा.

इतकं करूनही एक बाब उरते, ती म्हणजे समोर कोण येणार. खेळाडू याला 'मेटा' म्हणतात : सध्या बहुतेक जण कोणते डेक खेळत आहेत. आमच्या शेतकऱ्यांना हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. कांदा लावावा की नाही हे रान बघून ठरतंच, पण बाकीच्यांनी किती लावलाय आणि सोलापूरच्या मार्केटात एकदम किती गाड्या येतील यावरही ठरतं. डेकचंही तसंच आहे.

याचं उत्तम उदाहरण ऑगस्ट २०२४ च्या होनोलुलूमधल्या जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत दिसलं. चिलीचा तरुण खेळाडू फर्नांडो सिफुएन्तेस 'आयर्न थॉर्न्स ईएक्स'चा डेक घेऊन मोठ्या गटात विश्वविजेता झाला. हा पोकेमॉन पुढे उभा असला की ईएक्ससारख्या बड्या पोकेमॉनांच्या अंगच्या शक्ती बंद पडतात. त्या वेळचे बहुतेक नावाजलेले डेक या शक्तींवरच चालत होते. स्वतः फार काही मोठं न करता समोरच्याची यंत्रणा बंद पाडायची आणि हळूहळू बक्षिसं उचलायची, असा त्याचा खेळ. ज्या गर्दीत सगळे शक्तींवर विसंबलेले असतील तिथेच तो डेक भारी, दुसरीकडे बेताचा.

आमच्या चारिझार्डला याने थेट दणका बसतो. ऊर्जा सातवर आणली ती चारिझार्डच्या शक्तीच्या भरवशावर. आयर्न थॉर्न्स समोर आला की ती शक्ती गेली, पिजॉटची शोधाशोधही गेली, आणि हाताने लावायला ऊर्जेची पानं फार थोडी. मग ऊर्जा वाढवावी का? तसा डेक किती जण आणतील असं वाटतं, त्यावर उत्तर ठरेल. विसातला एखादाच आणणार असेल तर त्याच्यासाठी बाकीच्या एकोणीस डावांत डेक जड करण्यात अर्थ नाही. तो एक डाव हरायची तयारी ठेवायची. सगळ्यांना हरवणारा डेक नसतो. नव्या मुलांना हे पचायला वेळ लागतो, आणि मी त्यांना तो वेळ देतो.

खर्चाबद्दल पालकांना स्पष्ट सांगतो : पाकिटामागून पाकीट फोडू नका. पाकिटात काय निघेल ते नशिबावर असतं. आधी ॲपवर डेक तयार करा, तो महिनाभर तरी आवडला पाहिजे, आणि मगच लागणारी नेमकी पानं सुटी विकत घ्या. आणखी एक. अलीकडच्या पानांच्या कोपऱ्यात एक इंग्रजी अक्षर छापलेलं असतं आणि प्रमाण स्पर्धांतून जुन्या अक्षरांची पानं ठरावीक काळाने बाद होतात. अक्षर बघितल्याशिवाय जुनं महाग पान घेऊ नये.

आमच्याकडच्या मुलाला समोरासमोरच्या स्पर्धेला पुणे किंवा हैदराबाद गाठावं लागतं. बस येणेगूरवरून हायवेला लागते, पुढे रात्रभराचा किंवा अर्ध्या दिवसाचा प्रवास. एवढं जायचं तर तयारी चोख हवी. सगळ्या पानांना एकाच रंगाची, नवी कव्हरं घालावीत. एखादं कव्हर दुमडलेलं असेल तर ते पान ओळखू येतं आणि पंच ती खूण धरतात. मोठ्या स्पर्धांत एक सामना तीन डावांचा आणि वेळ ५० मिनिटांचा असतो, तेव्हा घड्याळ लावून खेळायचा सराव घरीच करावा. पिजॉटने दर खेळीला काय शोधायचं याचा विचार समोरचा खेळत असतानाच उरकावा. डेकची यादी आधी लेखी द्यावी लागते, आणि यादी व हातातला डेक जुळला नाही तर दंड होतो. ऐनवेळी बसमध्ये बसून पान बदललं असेल तर ते यादीतही बदलावं. त्यानंतर साठ पानं मोजावीत, आणि सोबत आलेल्याकडून पुन्हा एकदा मोजून घ्यावीत.