विश्लेषण : अणुबॉम्बने की पाण्याने? ‘फॉलआउट’मधील प्रजासत्ताक नेमके कशामुळे कोसळले?

एनसीआर म्हटले की आपल्याकडे दिल्ली, नोएडा, गुरुग्राम डोळ्यांसमोर येते. व्हिडीओ गेम खेळणाऱ्यांसाठी मात्र एनसीआर म्हणजे ‘न्यू कॅलिफोर्निया रिपब्लिक’. अणुयुद्धानंतर अमेरिकेच्या पश्चिमेला उभा राहिलेला एक काल्पनिक देश. त्याला राज्यघटना आहे, काँग्रेस आहे, स्वतःचे चलन आहे आणि करवसुलीही आहे. ‘फॉलआउट’ या गेमवर आधारित वेबमालिका एप्रिल २०२४ मध्ये प्राइम व्हिडीओवर आली, तेव्हा या देशाच्या राजधानीच्या जागी प्रेक्षकांना एक भलामोठा खड्डा दिसला. चाहत्यांमध्ये तेव्हा सुरू झालेला वाद अजून मिटलेला नाही. डिसेंबर २०२५ मध्ये आलेल्या दुसऱ्या सीझनने कथा न्यू वेगासकडे नेली, म्हणजे या देशाच्या राजकारणाची सगळी गुंतागुंत जिथे उघड होते तिथेच. हा देश उभा कसा राहिला आणि संपला कशामुळे, याचा हा आढावा. (मालिका आणि गेम या दोन्हींच्या कथानकाचे तपशील पुढे येतात.)

हा देश आला कुठून?

‘फॉलआउट’च्या जगात २३ ऑक्टोबर २०७७ रोजी अमेरिका आणि चीन यांच्यात अणुयुद्ध होते आणि ते साधारण दोन तासांत संपते. त्याआधीची अनेक वर्षे तेल आणि इतर साधनसंपत्तीच्या टंचाईवरून जग भांडत असते. काही मोजकी माणसे ‘व्हॉल्ट-टेक’ या कंपनीने बांधलेल्या भुयारी निवाऱ्यांत जातात. त्यांपैकी १५ क्रमांकाच्या व्हॉल्टमध्ये वेगवेगळ्या संस्कृतींची, मतांची माणसे दाटीवाटीने कोंबलेली असतात. दार उघडल्यावर त्यांचे चार गट पडतात. तीन गट लूटमार करू लागतात. चौथा गट २१४२ मध्ये शेती करून, भोवती मातीची तटबंदी घालून एक गाव वसवतो. त्या गावाचे नाव शेडी सँड्स.

इंटरप्ले कंपनीच्या १९९७ मधील पहिल्या गेममध्ये खेळाडूला वाटेत लागणारी ही पहिली वस्ती. अरादेश हा गावचा प्रमुख आणि टँडी ही त्याची धीट, गावाला कंटाळलेली मुलगी. तिला लुटारूंची टोळी पळवून नेते आणि तिला सोडवणे हे खेळाडूचे सुरुवातीच्या कामांपैकी एक. १९९८ मध्ये दुसरा भाग आला, त्यात कथा ८० वर्षे पुढे सरकली होती. ते खेडे आता एका देशाची राजधानी झाले होते आणि टँडी त्या देशाची अध्यक्ष. २१८९ मध्ये शेडी, लॉस एंजेलिस, हब, डेग्लो आणि मॅक्सन या पाच राज्यांचे संघराज्य स्थापन झाले होते. २२४१ मध्ये त्याची लोकसंख्या सात लाख होती.

एवढी मजल कशी मारली?

बरेचसे व्यापाराच्या जोरावर. हब हे व्यापाऱ्यांचे शहर. त्यांच्या तांड्यांना सुरक्षित रस्ते हवे होते आणि शेडी सँड्सला बाजार. आधी ही देवाणघेवाण वाढली, त्यातून संघराज्य आले. गुलामगिरीवर बंदी, लिखित कायदा आणि निवडून आलेले सरकार, हे ‘फॉलआउट’च्या जगात जवळजवळ कुठेच एकत्र सापडत नाही.

पण या लोकशाहीच्या गळ्याशी पहिल्यापासून एक काटा आहे. अरादेश पहिला अध्यक्ष आणि त्याची मुलगी टँडी दुसरी. ती २१९६ मध्ये पदावर आली आणि २२४८ मध्ये मृत्यूनेच तिला पदावरून दूर केले. तब्बल ५२ वर्षे. ती कर्तबगार होती, लोकप्रिय होती आणि पुन:पुन्हा निवडूनही येत होती, हे खरे. तरी एनसीआरचा कट्टर शत्रू सीझर नेमके इथेच बोट ठेवतो. बापाकडून मुलीकडे सत्ता जाते आणि ती मरेपर्यंत राज्य करते, मग याला राजेशाही का म्हणू नये, असा त्याचा सवाल. सीझर स्वतः गुलामांच्या पाठीवर उभ्या असलेल्या फौजेचा हुकूमशहा, त्यामुळे त्याच्या तोंडी हा युक्तिवाद ऐकताना अंगावर काटा येतो. मुद्दा खोडून काढणे मात्र सोपे जात नाही. शिवाय हा माणूस बाहेरचा नाही. एडवर्ड सॅलो या नावाने तो एनसीआरच्याच भूमीवर जन्मला आणि ‘फॉलोअर्स ऑफ द अपोकॅलिप्स’ या ज्ञानदान करणाऱ्या संघटनेत शिकला.

टँडीनंतर देश विस्तारत राहिला, पण त्याला धरून ठेवणारे तसे नेतृत्व उरले नाही. २२८१ मध्ये अध्यक्षपदावर आहे ॲरन किंबॉल, एक माजी जनरल.

हूवर धरणासाठी एवढा आटापिटा कशाला?

ऑब्सिडियन या कंपनीने तयार केलेला आणि ऑक्टोबर २०१० मध्ये आलेला ‘फॉलआउट : न्यू वेगास’ हा गेम सगळा याच प्रश्नाभोवती फिरतो. कोलोरॅडो नदीवरील हूवर धरण अणुयुद्धातून बचावलेले आहे आणि त्याची जनित्रे पुन्हा सुरू करता येतात. एनसीआरचे सैन्य तिथे पोहोचते, पण न्यू वेगासचा सर्वेसर्वा मिस्टर हाऊस आपली यंत्रमानवांची फौज घेऊन आधीच तयार असतो. दोघांत करार होतो. धरणाची ९५ टक्के वीज एनसीआरला, पाच टक्के वेगासला. वेगासच्या झगमगाटाला पाच टक्के पुरते, यावरून पश्चिमेकडची भूक किती मोठी आहे हे कळते.

हे आकडे लेखकांनी हवेतून आणलेले नाहीत. खरे हूवर धरण नेवाडा आणि ॲरिझोनाच्या सीमेवर आहे, तरी त्याची निम्म्याहून अधिक वीज आजही दक्षिण कॅलिफोर्नियाकडेच जाते. कोलोरॅडोच्या पाण्याची वाटणी १९२२ च्या करारानुसार होते आणि तो करार करताना नदीच्या सरासरी प्रवाहाचा अंदाज चांगल्या पावसाच्या वर्षांवरून बांधला गेला होता. नदीत नसलेले पाणी कागदावर वाटले गेले. २०२२ च्या उन्हाळ्यात धरणामागचा लेक मीड जलाशय १९३० च्या दशकात भरू लागला तेव्हापासूनच्या सर्वांत खालच्या पातळीवर गेला होता. म्हणजे अणुबॉम्ब वगळला तर गेममधला संघर्ष खऱ्या नकाशावरच घडतो.

त्यातला एक प्रसंग गेममध्ये जरा आडबाजूला आहे, पण या देशाचा स्वभाव त्याच्याइतका स्पष्ट दुसरीकडे कुठे दिसत नाही. एनसीआर वेगासजवळ सरकारी शेती चालवते. जमीन सरकारची, राबणारे गरीब स्थलांतरित, पाणी लेक मीडहून पाइपने येते. काही दिवसांपासून ते कमी येऊ लागले आहे, पिके सुकत आहेत आणि चौकशी करणारा एक शिपाई बेपत्ता आहे. शोध घेत गेल्यावर कळते की पाणी गुपचूप शेजारच्या वेस्टसाइड वस्तीकडे वळवले जात आहे. तिथे वेगासच्या गरिबांनी सहकारी तत्त्वावर शेती उभी केली आहे. पाणी वळवणारा माणूस नफेखोर नाही. पण आपले गुपित राखण्यासाठी त्याने त्या शिपायाचा जीव घेतला आहे. आता खेळाडूने ठरवायचे : त्याला कायद्याच्या हवाली करायचे की गप्प बसायचे? कॅनॉलच्या शेपटाकडच्या गावांना पाणी का पोहोचत नाही हे ज्याने जवळून पाहिले आहे, त्याला हा प्रसंग परका वाटणार नाही. प्रस्तुत वार्ताहराने अभियांत्रिकीच्या हॉस्टेलवर हा गेम तीनदा खेळला आणि तिन्ही वेळा निर्णय वेगळा घेतला.

नोटेपेक्षा बाटलीचे झाकण महाग कसे?

‘फॉलआउट’ न खेळलेल्यांनाही माहीत असते की या जगात शीतपेयाच्या बाटल्यांची झाकणे पैसा म्हणून चालतात. त्यामागचे अर्थकारण मात्र फारसे कुणी सांगत नाही. झाकणांना किंमत असते ती हबच्या व्यापाऱ्यांनी ती पाण्याशी बांधल्यामुळे. वाळवंटात याहून भक्कम तारण कोणते? एनसीआरने आपला डॉलर आणला तेव्हा त्याला सोन्याचा आधार दिला आणि झाकणे मागे पडली.

मग ‘ब्रदरहुड ऑफ स्टील’शी युद्ध पेटले. जुने तंत्रज्ञान सामान्यांच्या हाती जाऊ नये, ते आपल्याच ताब्यात असावे, असे मानणारा हा शस्त्रसज्ज पंथ. त्यांनी एनसीआरच्या सुवर्णसाठ्यावर घाला घातला. सोने गेले, नोटा उरल्या. सरकारने त्या केवळ आपल्या शब्दावर चालवून पाहिल्या, पण सीमेवरच्या व्यापाऱ्यांचा त्या शब्दावर भरवसा राहिला नाही आणि हबच्या व्यापाऱ्यांनी झाकणे पुन्हा बाजारात आणली. २२८१ मध्ये शंभर डॉलरच्या नोटेला ४० झाकणे मिळतात.

खऱ्या अमेरिकेनेही १९७१ मध्ये डॉलरची सोन्याशी असलेली सांगड तोडली आणि डॉलर टिकला. कारण त्यामागे जगातली सर्वांत मोठी अर्थव्यवस्था होती. एनसीआरमागे काय होते? ताणलेली रसद, थकलेले सैन्य आणि त्यांच्याच शास्त्रज्ञांचा असा अंदाज, की हेच चालू राहिले तर दशकभरात देशात अन्न पुरणार नाही.

जमीन कोणाच्या हातात?

मोठ्या पशुपालकांच्या. किरणोत्सर्गामुळे दोन डोक्यांची झालेली गुरे ही या देशाची खरी दौलत. हजारो एकर कुरणे बाळगणारे धनिक काँग्रेसवर वजन राखून आहेत. हेक गंडरसन हा त्यांचाच एक नमुना ‘न्यू वेगास’मध्ये भेटतो. लहान शेतकऱ्यांच्या जमिनी गिळून मोठा झालेला, आणि आता मुलगा हरवला म्हणून हवालदिल असलेला बाप.

या गुरांचे गेममधले नाव आहे ‘ब्राह्मिन’. अमेरिकेत ‘ब्राह्मन’ नावाची गुरांची जात आहे, तीवरून ते घेतल्याचे मानले जाते. ती जात मुळात भारतातून नेलेल्या वशिंडाच्या गुरांपासून तयार झाली. त्यांत गीर होती, नेल्लोर होती आणि आपल्या कृष्णाकाठची खिलारे-वळणाची कृष्णा व्हॅलीही होती, असे तिथले पैदासकार सांगतात. २००८ मध्ये ‘फॉलआउट ३’ येणार होता, तेव्हा मायक्रोसॉफ्टने ‘सांस्कृतिक संवेदनशीलते’चे कारण देऊन तो भारतात न आणण्याचा निर्णय घेतला. नेमके खटकले काय, हे कंपनीने सांगितले नाही. बहुतेकांनी बोट दाखवले ते या दोन डोक्यांच्या गुरांकडे.

विस्ताराची किंमत कोणी मोजली?

मोहावी वाळवंटातल्या छोट्या गावांपुढे एनसीआर एकच सौदा ठेवते : आम्ही लुटारूंपासून राखतो, तुम्ही कर भरा. काही गावे मान्य करतात, काहींना लुटारू परवडतात.

आणि २२७८ मधले बिटर स्प्रिंग्ज. एनसीआरच्या वस्त्यांवर हल्ले करणाऱ्या ‘ग्रेट खान्स’च्या तळावर सैन्य चालून जाते. पळून जाणाऱ्यांत म्हातारे, जखमी आणि लहान मुले आहेत, हे बंदुका धरलेल्यांना दिसते. वरून मात्र गोळीबार चालू ठेवण्याचाच आदेश येतो. हे खान्स म्हणजे १५ क्रमांकाच्या व्हॉल्टमधून बाहेर पडलेल्या त्या तीन लुटारू गटांपैकी एकाचे वारस. शेडी सँड्स वसवणाऱ्यांचेच एकेकाळचे शेजारी, आणि टँडीला पळवून नेणारेही तेच.

मग बॉम्बचे काय?

मालिकेत शेडी सँड्स उद्ध्वस्त करतो तो हँक मॅक्लीन. व्हॉल्ट-टेकचा अधिकारी, जगाची पुनर्बांधणी फक्त कंपनीच्या माणसांनीच करावी यासाठी गोठवून ठेवलेला. त्याची पत्नी मुलांना घेऊन शेडी सँड्सला निघून जाते. तिथे दिवे आहेत, शाळा आहेत, माणसे सुखात आहेत. तो मुलांना परत आणतो आणि शहर मिटवून टाकतो. मालिकेतल्या एका फळ्यावर ‘शेडी सँड्सचा पाडाव’ यापुढे २२७७ असे साल दिसल्याने चाहते खवळले, कारण २२८१ मध्ये घडणाऱ्या ‘न्यू वेगास’मध्ये एनसीआर ठणठणीत आहे. बॉम्ब ‘न्यू वेगास’मधल्या घटनांनंतर पडला, असा खुलासा नंतर बेथेस्डाच्या टॉड हॉवर्ड यांना करावा लागला.

सालाचा वाद खरे तर दुय्यम आहे. बॉम्बमुळे दोष एका माणसाच्या आणि एका कंपनीच्या माथी गेला आणि प्रजासत्ताक निष्पाप बळी ठरले, हे जास्त खटकते. गेममधल्या एनसीआरला कोणी खलनायक संपवत नव्हता. पाणी कमी पडत होते, जमीन थोड्यांच्या हाती जात होती, नोटेवरचा विश्वास उडाला होता आणि प्रत्येक अडचणीवर उपाय म्हणून आणखी थोडा प्रदेश जोडला जात होता. हे सगळे मतपेटीतून, कायदेशीर मार्गाने चालले होते. पडद्यावर हे दाखवणे अवघड, आणि स्फोट दाखवणे सोपे. मालिका म्हणून तो प्रसंग परिणामकारक आहे, यात शंका नाही. पण तो पाहून एनसीआर समजली असे कोणी म्हणू नये.

मालिकेची कथा २२९६ मध्ये घडते. लॉस एंजेलिसच्या अवशेषांत फिली नावाची भंगारातून उभी राहिलेली वस्ती आहे. तिथेही पैसा म्हणून झाकणेच चालतात.