पत्ता चुकलेले प्रथिन

लातूर-नांदेडच्या शिकवणी वर्गांत वैद्यकीय प्रवेशाची तयारी करणाऱ्या एखाद्या मुलाला झोपेतून उठवून विचारले, की रायबोझोम कोठे तयार होतात, तर तो डोळे न उघडता सांगेल, 'केंद्रकीत!' उत्तर बरोबर आहे. गुणही मिळतो. 'लातूर पॅटर्न'ने राज्याला एवढे डॉक्टर दिले ते अशा हजारो अचूक उत्तरांच्या बळावरच, त्यामुळे पाठांतराला नावे ठेवण्याचे काही कारण नाही. पण हाच मुलगा पुढे डॉक्टर झाला, की त्या एका शब्दाशी त्याची गाठ फार वेगळ्या ठिकाणी पडते.

घरातल्या कुणाला पंधरा-वीस दिवस ताप हटत नाही, हिरड्यांतून रक्त येते, अंगावर काळेनिळे डाग उठतात. डॉक्टर रक्त तपासायला सांगतात. पॅथॉलॉजिस्ट काचपट्टीवर रक्ताचा पातळ थर पसरवून, त्याला रंग देऊन सूक्ष्मदर्शकाखाली धरतात. एरवी रक्तात दिसू नयेत अशा मोठाल्या, कोवळ्या पांढऱ्या पेशी तेथे गर्दी करून असतात. त्यांच्या केंद्रकात एक, दोन, कधी तीन फिकट निळसर ठिपके ठळक दिसतात. हे ठिपके म्हणजेच केंद्रकी. रिपोर्टवर 'ब्लास्ट' हा शब्द उमटतो आणि त्या घरात मुंबई की हैदराबाद, याची चर्चा सुरू होते.

मग हा ठिपका आहे तरी काय? फेलिचे फोंताना या इटालियन शास्त्रज्ञाने १७८१ साली ईल माशाच्या त्वचेवरील चिकट द्रवात तो प्रथम पाहिला. पण त्याचा उपयोग काय, हे उमगायला विसावे शतक निम्म्याहून अधिक सरावे लागले. १९६४ साली डोनाल्ड ब्राऊन आणि जॉन गर्डन यांनी केंद्रकीच नसलेली बेडकाची पिले तपासली. आईकडून अंड्यात मिळालेल्या रायबोझोमच्या शिदोरीवर ती काही दिवस जगत आणि शिदोरी संपली की मरत. नवे रायबोझोम त्यांना बनवताच येत नव्हते.

रायबोझोम म्हणजे शरीरातली सगळी प्रथिने घडवणारे यंत्र. रक्तातले हिमोग्लोबिन, स्वादुपिंडातले इन्सुलिन, डोक्यावरचा केस, सारे त्याच्यातूनच येते. झपाट्याने वाढणाऱ्या पेशीत अशी लाखो यंत्रे असतात आणि पेशी दुभंगण्यापूर्वी ती दुप्पट करावी लागतात. हे बांधकाम केंद्रकीत कसे चालते, ते लातूरकराला समजावून देणे सोपे आहे, कारण त्याच्या गावात डाळमिल आहेत. अखंड तुरीला तेल-पाण्याचा हात लावायचा, वाळवायची, साल काढायची आणि तिची दोन दले करायची. केंद्रकीत असेच घडते. १३, १४, १५, २१ आणि २२ या क्रमांकांच्या गुणसूत्रांवरून सुमारे १३ हजार अक्षरांचा आरएनएचा अखंड धागा निघतो. तो सोलून आणि तोडून त्यातले कामाचे तीन तुकडे वेगळे काढतात. एक तुकडा रायबोझोमच्या लहान दलात जातो, दोन मोठ्या दलात, आणि चौथा तुकडा बाहेरून येऊन मोठ्या दलाला मिळतो. लहान दलाला ३३ आणि मोठ्याला ४७ अशी ८० प्रथिने चिकटतात. फरक इतकाच, की तुरीची दले पुन्हा जुळत नाहीत. रायबोझोमची दले मात्र केंद्रकाबाहेर पडल्यावर, काम आले की एकत्र येतात आणि काम झाले की सुटी होतात.

गंमत अशी, की ही ८० प्रथिने केंद्रकीत घडत नाहीत. ती बाहेर, आधीच्या रायबोझोमवर घडतात, केंद्रकाच्या दारांतून आत येतात आणि नव्या रायबोझोममध्ये बसतात. म्हणजे रायबोझोम हवा असेल तर आधी रायबोझोम हवा. विरजणाशिवाय दही लागत नाही, तसलाच प्रकार.

पण ८० प्रथिने हा झाला माल. मिल चालवायला कामगार लागतात आणि केंद्रकीतली खरी गर्दी त्यांचीच आहे. २००२ साली शास्त्रज्ञांनी मानवी केंद्रकीतील २७१ प्रथिनांची यादी केली. आज ती हजारावर गेली आहे. या मिलला भिंत नाही, पडदा नाही. आमटीवर तेलाचे थेंब गोळा होऊन वेगळे राहावेत, तशी ही प्रथिने आणि आरएनए एकमेकांना धरून थेंबासारखी राहतात. भिंत नसलेल्या कारखान्यात कोणी कोठे थांबायचे, हे ज्याचे त्याला ठाऊक असावे लागते.

त्यांतले एक कामगार म्हणजे फायब्रिलारिन. कच्च्या धाग्यावर शंभरहून अधिक ठिकाणी बारीक रासायनिक खुणा करणे हे त्याचे काम. त्याची ओळख पटली ती रुग्णांमुळे. त्वचा कडक होत जाणाऱ्या स्क्लेरोडर्मा या विकारात काही रुग्णांचे रक्त स्वतःच्याच केंद्रकीविरुद्ध प्रतिपिंडे तयार करते. १९८५ साली अशा प्रतिपिंडांच्या साहाय्याने हे प्रथिन वेगळे ओळखले गेले. सांधेदुखीसाठी 'एएनए' तपासणी केलेल्या कुणाच्या रिपोर्टवर 'न्यूक्लिओलर पॅटर्न' असे शब्द असतील, तर ते याच केंद्रकीबद्दल आहेत. त्यावरून घरच्या घरी निदान करू नये, हे वेगळे सांगायला नकोच.

या कारखान्यात एक माल जरी कमी पडला तर? बॉस्टनच्या डायमंड आणि ब्लॅकफॅन या डॉक्टरांनी १९३८ साली काही तान्ह्या मुलांचे वर्णन केले. मुले पांढरीफटक, अस्थिमज्जेत लाल पेशींची निर्मितीच जवळपास थांबलेली. मराठवाड्यात पांढरे पडलेले मूल दिसले की लोहाचे औषध सुरू होते आणि बहुतेकांच्या बाबतीत ते योग्यच असते. पण या दुर्मीळ आजारात लोह देऊन काही होत नाही. १९९९ साली कारण सापडले. रायबोझोमच्या लहान दलातील एका प्रथिनाच्या जनुकाची एक प्रत बिघडलेली होती. पुढे अशी आणखी जनुके निघाली. जुळणी अडली, की बाकीची काही प्रथिने रिकामी फिरू लागतात आणि त्यातून 'पी-५३' हा पेशीचा पहारेकरी जागा होतो. तो पेशीला थांबवतो किंवा मारतो. आपली अस्थिमज्जा दर सेकंदाला सुमारे वीस लाख लाल पेशी तयार करते. एवढी घाई जेथे, तेथेच टंचाई आधी जाणवते. यातल्या बऱ्याच मुलांना स्टिरॉइडचा गुण येतो, इतरांना वरचेवर रक्त द्यावे लागते.

आता त्या ब्लास्ट पेशींकडे वळू. केंद्रकीत विपुल असणारे न्यूक्लिओफॉस्मिन नावाचे प्रथिन आहे. केंद्रकीचा बाहेरचा थर ते एकत्र धरून ठेवते आणि तयार दलांना बाहेर पडायला मदत करते. त्यासाठी त्याची आत-बाहेर ये-जा चालते, पण मुक्काम आत. मुक्कामाचा पत्ता त्याच्या शेपटाकडच्या टोकावर लिहिलेला असतो. २००५ साली इटलीच्या ब्रुनांजेलो फालिनी यांच्या गटाने दाखवले, की तीव्र मायलॉइड रक्तकर्करोगाच्या प्रौढ रुग्णांपैकी सुमारे एकतृतीयांश जणांत हे प्रथिन केंद्रकीत नसते, केंद्रकाबाहेर पसरलेले असते. कारण काय, तर त्याच्या जनुकात शेवटाजवळ बहुधा चार अक्षरे जास्तीची घुसतात. त्यामुळे पुढचे वाचन सरकते, जुना पत्ता पुसला जातो आणि त्याजागी 'बाहेर न्या' असा नवा पत्ता तयार होतो. प्रथिन नाहीसे झालेले नसते. फक्त ते भलत्या ठिकाणी असते, आणि एवढ्याने रक्ताची कोवळी पेशी मोठी व्हायचे विसरून नुसती वाढत सुटते.

घरच्यांसाठी यातली एक गोष्ट महत्त्वाची आहे. हा बदल आईवडिलांकडून येत नाही. तो रुग्णाच्या हयातीत, त्याच्याच अस्थिमज्जेतल्या पेशींत घडतो. 'आमच्या घराण्यात काही दोष आहे का?' असे विचारून भावाबहिणींची लग्ने खोळंबून ठेवणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

महाराष्ट्रात रक्तकर्करोगाशी झुंज जुनी आहे. परळच्या टाटा रुग्णालयात डॉ. सुरेश अडवाणी यांनी १९८३ साली देशातले पहिले यशस्वी अस्थिमज्जा प्रत्यारोपण केले. त्याच टाटा मेमोरियल सेंटरची खारघरला 'अ‍ॅक्ट्रेक' ही संशोधन संस्था आहे. उपचारानंतर सूक्ष्मदर्शकाखाली रक्त स्वच्छ दिसते, तरी हजारो पेशींत एखादी रोगट पेशी दडून राहू शकते. जनुकातली ती जादा अक्षरे निरोगी पेशीत नसतात, म्हणून दडलेल्या पेशीची ती उत्तम खूण ठरतात. टाटा मेमोरियलच्या संशोधकांनी २०१८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात उपचार घेतलेल्या भारतीय रुग्णांमध्ये हीच खूण अतिशय बारीक जनुकवाचनाने शोधली. ज्यांच्यात ती शिल्लक राहिली, त्यांच्यात रोग उलटण्याचा धोका अधिक दिसला. २०२५ साली अमेरिकेत, रोग उलटलेल्या अशा रुग्णांसाठी 'मेनिन' या प्रथिनाला रोखणाऱ्या गोळ्यांना मान्यता मिळाली. नांदेड-लातूरच्या सामान्य कुटुंबाला त्या परवडण्याचा दिवस अजून यायचा आहे.

दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत उतरून परळला खेटे घालणाऱ्या नातेवाइकांच्या हाती एक दिवस 'एनपीएम-१ पॉझिटिव्ह' असा कागद पडतो आणि त्यांचा पहिला प्रश्न असतो, 'डॉक्टर, हे चांगलं की वाईट?' 'पॉझिटिव्ह' या शब्दानेच अनेकांचे पाय गळतात. प्रत्यक्षात दुसरे काही वाईट बदल सोबत नसतील, तर या रुग्णांना केमोथेरपीचा गुण इतरांपेक्षा बरा येतो. काहींना पहिल्या टप्प्यात प्रत्यारोपणाची गरजही पडत नाही. ती पडेल की नाही, हे पुढच्या तपासण्यांत ती चार अक्षरे पुन्हा सापडतात का, यावर बरेचसे ठरते. म्हणून औषधांचे दोन-तीन फेरे झाल्यावर, रुग्ण हिंडू-फिरू लागला असला आणि गावी पेरणी तोंडावर आली असली, तरी डॉक्टरांनी दिलेली तपासणीची तारीख चुकवता येत नाही.