अवयवदान : संकल्प, संमती आणि शब्द

१

‘दान’ हे उत्तरपद असलेले समास मराठीत पुष्कळ आहेत. अन्नदान, गोदान, कन्यादान, विद्यादान हे जुने. मतदान, श्रमदान, रक्तदान, नेत्रदान, देहदान हे त्या मानाने नवे. ‘अवयवदान’ हा शब्द याच मालिकेत येऊन बसला. नवा शब्द जुन्या मालिकेत बसला म्हणजे तो आपोआप कळल्यासारखा वाटतो. अवयवदानाच्या बाबतीत मात्र या सहज कळण्यामुळेच काही महत्त्वाच्या गोष्टी झाकल्या जातात. दाता म्हणून आपले नाव नोंदवावे की नोंदवू नये, या विचारात असलेल्या मनुष्याचा गोंधळ बहुधा तेथेच होतो. या निर्णयाभोवतीचे शब्द नेमके काय सांगतात आणि काय सांगत नाहीत, हे पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

२

दान म्हणजे आपले स्वामित्व सोडून दुसऱ्याचे स्वामित्व निर्माण करणे, अशी कल्पना शास्त्रकारांनी मांडली. दाता, प्रतिग्रहीता, श्रद्धा, देय वस्तू, देश आणि काल अशी दानाची सहा अंगे धर्मशास्त्रात सांगितली आहेत. पाणिनीच्या व्याकरणातही ज्याला द्यावयाचे त्याच्यासाठी ‘संप्रदान’ हे स्वतंत्र कारक आहे. दाता समोर असतो, घेणाराही समोर असतो आणि हातावरून पाणी सोडून संकल्प केला की वस्तू दात्याची राहत नाही. या विधीच्या खुणा मराठीत अजून टिकून आहेत. एखाद्या गोष्टीवरचा हक्क सोडणे याला आपण ‘पाणी सोडणे’ किंवा ‘तुळशीपत्र ठेवणे’ म्हणतो.

मरणोत्तर अवयवदानात या अंगांपैकी बहुतेकांचे रूप पालटते. देण्याची वेळ येते तेव्हा दाता नसतो. प्रतिग्रहीता कोण, हे त्याला कधीच ठाऊक नसते. ते ठरविण्याचा अधिकारही त्याला किंवा त्याच्या कुटुंबाला नाही. महाराष्ट्रात मुंबई, पुणे, नागपूर व छत्रपती संभाजीनगर येथील विभागीय समन्वय केंद्रे प्रतीक्षायादीच्या क्रमाने व ठरलेल्या नियमांनी अवयवांचे वाटप करतात. देश आणि काल हीदेखील दात्याच्या हाती नसतात. नोंदणीच्या दिवशी सोडले जाते ते पाणी नव्हे. त्या दिवशी व्यक्त होते ती इच्छा. ती केव्हाही मागे घेता येते.

अवयवदानाच्या प्रचारात दधीची ऋषींचे उदाहरण नेहमी दिले जाते. दधीचींनी अस्थी दिल्या त्या स्वतः, स्वमुखाने होकार देऊन आणि मागणाऱ्या इंद्राला पाहून. आजच्या दात्याला यांतले काहीच साध्य नाही. त्याची तुलना करावयाचीच तर भूदानातल्या दानपत्राशी करणे अधिक उचित होईल. १८ एप्रिल १९५१ रोजी पोचमपल्ली येथे आरंभ झालेल्या विनोबांच्या त्या चळवळीत लक्षावधी एकरांची दानपत्रे भरली गेली. पण त्यांपैकी मोठा भाग भूमिहीनांच्या हाती पोहोचला नाही. लिहिलेले दान आणि पोहोचलेले दान यांत अंतर असते, आणि ते अंतर इतरांनाच पार करावे लागते.

३

दुसरा घोटाळा जवळजवळच्या तीन शब्दांचा आहे. नेत्रदान, देहदान व अवयवदान हे शब्द एका दमात उच्चारले जातात. परंतु त्यांमागील क्रिया भिन्न आहेत.

नेत्रदान हृदय थांबल्यानंतर करता येते. मृत्यू घरी झाला तरी चालते. मात्र सुमारे सहा तासांच्या आत नेत्रपटल काढून घ्यावे लागते. देहदान म्हणजे शरीररचनेच्या अध्ययनासाठी संपूर्ण देह वैद्यकीय महाविद्यालयास देणे. येथे प्रत्यारोपणाचा संबंध नाही. हृदय, फुप्फुसे, यकृत, मूत्रपिंडे, स्वादुपिंड, लहान आतडे यांचे मरणोत्तर दान भारतात मुख्यतः एकाच परिस्थितीत घडते: मेंदूचा स्तंभ कायमचा निकामी झालेला असतो, रुग्ण अतिदक्षता विभागात असतो आणि कृत्रिम श्वसनामुळे रक्ताभिसरण चालू असते. डोक्याला झालेली गंभीर इजा व मेंदूतील रक्तस्राव ही तिची नेहमीची कारणे होत.

म्हणून नोंदणी करणाऱ्या बहुतेकांच्या बाबतीत दानाचा प्रसंग येतच नाही. ज्यांच्या बाबतीत येतो, त्यांच्या बाबतीत तो अकस्मात येतो आणि घरच्या माणसांना काही तासांत उत्तर द्यावे लागते.

४

हे उत्तर ज्या भाषेत द्यावयाचे, तिच्यातील मृत्यूचे शब्द पाहण्यासारखे आहेत. प्राण जाणे, श्वास सोडणे, नाडी थांबणे, घरघर लागणे, धुगधुगी असणे हे सारे प्रयोग श्वासाशी आणि छातीच्या ठोक्याशी निगडित आहेत. मेंदूशी निगडित असा मृत्यूवाचक जुना प्रयोग मराठीत सापडत नाही, आणि त्यात नवल नाही. श्वास आणि मेंदू यांची फारकत करणारे यंत्रच पूर्वी नव्हते.

कृत्रिम श्वसनाची यंत्रे रुग्णालयांत आली तेव्हा वैद्यकालाही प्रथम शब्द सापडला नाही. १९५९ मध्ये मोलारे व गुलों या फ्रेंच वैद्यांनी या अवस्थेला ‘कोमा देपासे’, म्हणजे बेशुद्धीच्याही पलीकडची अवस्था, असे नाव दिले. १९६८ मध्ये हार्वर्ड विद्यापीठाच्या समितीने तिला ‘अपरिवर्तनीय कोमा’ म्हटले आणि मृत्यूची नवी कसोटी म्हणून ती पुढे मांडली. त्याच वर्षी फेब्रुवारीत मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी हृदयाचे प्रत्यारोपण केले. केपटाऊन येथे डॉ. ख्रिस्तियान बर्नार्ड यांनी केलेल्या पहिल्या शस्त्रक्रियेस तेव्हा तीन महिनेही झाले नव्हते. मुंबईचा रुग्ण काही तासांतच दगावला. मेंदूच्या मृत्यूस मान्यता देणारा कायदा त्या काळी भारतात नव्हता.

तो १९९४ मध्ये झाला. मानवी अवयव प्रत्यारोपणाच्या त्या अधिनियमात २०११ च्या दुरुस्तीने ऊतींचाही समावेश झाला. मेंदूच्या स्तंभाची सर्व कार्ये कायमची व परत न येण्याजोगी बंद पडणे, आणि तसे विहित रीतीने प्रमाणित होणे, अशी तेथे व्याख्या आहे. जन्ममृत्यू नोंदणीच्या १९६९ च्या अधिनियमात मृत्यूची व्याख्या करताना मेंदूचा उल्लेख नव्हता. जीविताच्या सर्व खुणा कायमच्या नाहीशा होणे, एवढेच तेथे म्हटले होते. १९९४ च्या अधिनियमाने हीच शब्दयोजना घेऊन तिला दोन वाटा जोडल्या: मेंदूच्या स्तंभाचा मृत्यू किंवा हृदय व श्वसन थांबणे.

मराठीत या संकल्पनेसाठी जे शब्द वापरात आले, ते पुरेसे निःसंदिग्ध नाहीत. ‘मस्तिष्कस्तंभ’ यातील ‘स्तंभ’ म्हणजे खांब, मेंदूचा देठ. पण मराठी कानाला स्तंभ म्हटले की स्तंभित होणे, जागच्या जागी थिजणे हेही आठवते. आणि थिजलेले पुन्हा हालू शकते. ‘मेंदूमृत’ हा शब्द सोपा खरा, पण मेंदूपुरता मेलेला, बाकी जिवंत, असा अर्थ त्यातून सहज निघतो. ‘पेशंट ब्रेन डेड आहे’ या वाक्यात तर मृताला ‘पेशंट’ म्हटलेले असते. ‘यंत्रावर जिवंत ठेवले आहे’ हे वाक्य सर्वांत घातक होय. ते ऐकणाऱ्या पत्नीला किंवा मुलाला पुढचा प्रश्न ‘आम्ही त्यांना मारावे काय?’ असाच ऐकू येतो.

वस्तुस्थिती अशी की हृदयाचे ठोके हृदयातल्याच पेशी निर्माण करतात. यंत्राने प्राणवायू पुरविला तर मेंदूच्या मृत्यूनंतरही काही काळ ते चालते. श्वासाची प्रेरणा मात्र मेंदूच्या स्तंभातून येते. ती गेली की आपणहून श्वास घेणे कायमचे गेले. म्हणून औषधांचा अंमल, शरीराचे उतरलेले तापमान यांसारखी फसवी कारणे आधी वगळून बुबुळांची प्रकाशाला प्रतिक्रिया, खोकला व उबळ यांची प्रतिक्षेपे आणि शेवटी यंत्र बाजूला करून स्वतंत्र श्वसन होते का, यांच्या चाचण्या होतात. किमान सहा तासांच्या अंतराने त्या दोनदा कराव्या लागतात. चार वैद्यांचे मंडळ हे प्रमाणित करते आणि प्रत्यारोपण करणाऱ्या चमूतील कोणीही त्या मंडळात असू शकत नाही. ‘अवयव मिळावेत म्हणून उपचार सैल पडतील’ या शंकेला एवढे तरी उत्तर कायद्याने दिलेले आहे. कोमातील रुग्ण जिवंत असतो, मेंदूच्या स्तंभाचा मृत्यू झालेली व्यक्ती मृत असते. हा भेद स्पष्ट सांगण्याची जबाबदारी सांगणाऱ्या वैद्यावर येते.

५

आता संमतीचा प्रश्न. भारतात प्रकट संमतीची पद्धत आहे. २०१४ च्या नियमांतील नमुना ७ भरून अठरा वर्षांवरील कोणालाही आपली इच्छा नोंदविता येते. २०२३ पासून आधार क्रमांकाच्या साहाय्याने संगणकावरूनही ती नोंदविता येते. दोन साक्षीदारांसमोर, ज्यांपैकी एक जवळचा नातेवाईक असला पाहिजे, दिलेला असंदिग्ध लेखी अधिकार कायद्याने पुरेसा मानला आहे. व्यवहारात मात्र नातेवाइकांच्या संमतीचा नमुना ८ भरून घेतल्यावाचून रुग्णालये पुढे जात नाहीत. स्पेनमध्ये १९७९ च्या कायद्याने संमती गृहीत धरली आहे. तरी तेथेही कुटुंबाला विचारल्याखेरीज अवयव घेत नाहीत. कायद्याचे शब्द उलट असूनही व्यवहार एकाच ठिकाणी येतो, आणि ते ठिकाण म्हणजे घरच्या माणसांचा शब्द.

त्या शब्दाचे व्याकरण असे. ज्या घरात या विषयावर कधी बोलणे झालेले नसते, त्या घराला विचारले जाते, ‘त्यांची इच्छा काय होती?’ उत्तर येते: ‘त्यांना आवडले असते, असे वाटते’ किंवा ‘त्यांना चालले नसते बहुतेक.’ ही संकेतार्थी वाक्ये होत. मराठी व्याकरणात संकेतार्थ म्हणजे अट पुरी झाली असती तर घडले असते, असा अर्थ. या वाक्यातील अट कधीच पुरी होणार नसते, कारण उत्तर देणारा माणूस गेलेला असतो. बोलणारा मृताच्या वतीने तर्क करतो आणि त्या तर्काचे ओझे स्वतःच्या माथी घेतो. भावाचा तर्क एक आणि आईचा दुसरा निघाला, तर संमती तेथेच थांबते. आणि हा तर्क चुकला की काय, हा प्रश्न पुढे कित्येक वर्षे त्या घरात राहतो.

ज्या घरात बोलणे झालेले असते, तेथे वाक्य पालटते: ‘ते म्हणाले होते.’ हा स्वार्थ आहे. घडलेल्या गोष्टीचे सरळ विधान आहे. आता घरच्यांना निर्णय घ्यावयाचा नसतो, निरोप पोहोचवावयाचा असतो. दुःख कमी होत नाही; पण दुःखात तर्काची भर पडत नाही.

नोंदणीच्या पत्राचे खरे कार्य येथे दिसते. ते पत्र संकेतार्थाचे स्वार्थात रूपांतर करण्याचे साधन आहे. पाकिटात जपून ठेवलेले, पण घरात कोणालाही न सांगितलेले पत्र हे कार्य करू शकत नाही. उलट, पत्र नसतानाही एखाद्या संध्याकाळी जेवताना स्पष्ट बोललेले एक वाक्य ते पुष्कळसे करू शकते.

६

या दृष्टीने पाहिल्यास निर्णयाचे स्वरूप बदलते. नोंदणी करावी की नाही, या प्रश्नाच्या पोटात दोन प्रश्न आहेत. पहिला: माझी इच्छा काय आहे? दुसरा: ती माझ्या माणसांना माझ्या शब्दांत ठाऊक आहे काय?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर ज्याचे त्याने द्यावयाचे आहे. देह अखंड असावा, अंत्यविधीत व्यत्यय येऊ नये, अशी भावना असणाऱ्यास कमी लेखण्याचे कारण नाही. मात्र अवयव काढल्यानंतर शरीर नीट शिवून कुटुंबाच्या स्वाधीन केले जाते आणि अंत्यविधी नेहमीप्रमाणे करता येतात, ही माहिती निर्णयापूर्वी असावी. गरज किती आहे, हेही ठाऊक असावे. भारतात २०२३ मध्ये सुमारे १८ हजार प्रत्यारोपणे झाली आणि मरणोत्तर दात्यांची संख्या सुमारे ११०० होती. म्हणजे दर दहा लाख लोकसंख्येमागे एकही नाही. प्रत्यारोपणांपैकी फार मोठा भाग जिवंत नातेवाइकांनी दिलेल्या मूत्रपिंडांचा व यकृताच्या अंशांचा असतो. मृताकडून जे मिळत नाही, ते जिवंत आईला, बहिणीला, पत्नीला आपल्या शरीरातून द्यावे लागते. हृदय तर जिवंत दात्याकडून मिळूच शकत नाही.

दुसऱ्या प्रश्नाला मात्र एकच उत्तर योग्य ठरते. इच्छा ‘हो’ असो वा ‘नको’, ती सांगितली गेली पाहिजे. मृताने हयातीत नकार दर्शविला असेल तर नातेवाइकांना संमती देता येत नाही, हेही कायद्यात आहे. म्हणजे नकारालाही तेथे मान आहे. अनुच्चारित नकार आणि अनुच्चारित होकार यांत अतिदक्षता विभागाच्या दाराशी उभ्या असलेल्या माणसाला फरक करता येत नाही.

जुन्या दानात पाणी सोडताना दाता संकल्प मोठ्याने उच्चारीत असे आणि तो जवळची माणसे ऐकत. या नव्या दानात पाण्याची जागा नमुना क्रमांक ७ ने घेतली आहे. मोठ्याने उच्चारण्याची जागा मात्र कोणत्याही नमुन्याला घेता आलेली नाही.