पनवेल–मुंबई दैनंदिन प्रवास आणि विद्युत मोटारीचा मर्यादित पल्ला

प्रस्तावना :

बंगळूरची रेवा ही विद्युत मोटार 2001 साली भारतीय बाजारात आली तेव्हा शिशाच्या बॅटरीवर तिचा पल्ला सुमारे 80 किलोमीटर होता. पनवेलहून मुंबईच्या फोर्ट भागात जाऊन परत यावयाचे तर साधारण 100 किलोमीटर पडतात. म्हणजे मुंबईत चार्जिंगची सोय नसेल तर रेवाधारकास परतीचे घर दुरावले असते. आज लिथियम बॅटरीच्या लहान मोटारीही याच्या दुपटीहून अधिक अंतर कापतात. तरीही ‘गाडी वाटेत बंद पडली तर?’ हा प्रश्न प्राध्यापक कक्षात हमखास विचारला जातो. प्रस्तुत लेखात त्याचे उत्तर आकडेमोडीने शोधण्याचा प्रयत्न केला आहे.

अंतराचे गणित :

जाहिरातीतील पल्ला प्रयोगशाळेत, रोलरवर गाडी चालवून मोजलेला असतो. त्यात पावसाळा नसतो, वातानुकूलन नसते आणि कळंबोलीची कोंडीही नसते. म्हणून त्यातून एक तृतीयांश वजा करणे शहाणपणाचे. 2022 मध्ये आलेल्या टाटा टियागोच्या लहान बॅटरीचा (19.2 किलोवॅट-तास) घोषित पल्ला 250 किलोमीटर होता. वरील हिशेबाने तो सुमारे 167 होतो. अडीअडचणीसाठी बॅटरीचा पाचवा हिस्सा राखून ठेवल्यास 133 उरतात. कालांतराने बॅटरीची क्षमता चतुर्थांशाने घटली असे धरल्यास हाती राहतात नेमके 100. अर्थात नव्या गाडीला सहज जमणारा प्रवास जुन्या गाडीला काठावरचा होतो. खरेदी करताना पहिल्या वर्षाचा नव्हे, आठव्या वर्षाचा हिशेब मांडावा असे आमचे मत आहे.

येथे पेट्रोलच्या गाडीवर पोसलेला अनुभव उलटा पडतो. वाशी खाडीपुलावरील कोंडीत विद्युत मोटार फारशी वीज खात नाही; गाडी थांबली की मोटरही थांबते. वातानुकूलन तेवढे चालू राहते. त्याला दीड किलोवॅट लागतात असे धरले तर तासाभराच्या कोंडीत दीड युनिट, म्हणजे बारा-तेरा किलोमीटरचा पल्ला खर्ची पडतो. खरा खर्च वेगाचा आहे. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी 70 ऐवजी 100 किलोमीटरने गेल्यास तो दुप्पट होतो. जानेवारी 2024 मध्ये खुल्या झालेल्या अटल सेतूने वेळ वाचतो, पण तेथे वेगाची कमाल मर्यादा गाठणाऱ्याचा पल्ला मात्र आखडतो. ऑगस्ट 2025 मध्ये विद्युत मोटारींना या सेतूवर पथकर माफी लागू झाल्याने हा मोह वाढला आहे.

लोणावळ्याकडे जाणाऱ्यांची गोष्ट निराळी. दीड टनाची गाडी सुमारे 600 मीटर वर चढविण्यास अडीच युनिट ऊर्जा लागते. मोटरमधील नुकसान धरून तीन. उतरताना यातील काही भाग बॅटरीत परत येतो. मात्र लोणावळ्यातच बॅटरी पूर्ण भरून घेतली असेल तर परत आलेली वीज साठविण्यास जागाच नसते. वर चार्जिंग करावयाचे झाल्यास ते थोडे अपुरे ठेवावे.

रात्रीची जागा :

100 किलोमीटरला लहान मोटारीस सुमारे 12 युनिट लागतात. 16 अँपिअरच्या साध्या सॉकेटमधून तासाला तीन युनिट मिळतात. गळती धरून साडेचार-पाच तासांत दिवसाची भरपाई होते. म्हणजे रात्री गाडी सॉकेटजवळ उभी राहते की नाही, यावर सारे अवलंबून आहे. घरच्या वीजजोडणीवरून गाडी चार्ज करण्यास केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाच्या जानेवारी 2022 च्या मार्गदर्शक सूचनांनी मोकळीक दिली आहे. पण मीटर तळमजल्यावरील खोलीत आणि गाडी आवाराच्या दुसऱ्या टोकाला असली की मधली केबल हा गृहनिर्माण संस्थेच्या सभेचा विषय होतो. जुन्या पनवेलच्या आळ्यांत तर गाडी रस्त्यावरच उभी राहते. अशा रहिवाशाने रोज सार्वजनिक केंद्रावर रांग लावण्यापेक्षा विद्युत मोटार तूर्त घेऊ नये, हे स्पष्ट सांगितलेले बरे.

अपवाद कामाच्या ठिकाणी सॉकेट असल्याचा. महाविद्यालयाच्या वाहनतळात साडेदहा ते पाच उभ्या राहणाऱ्या गाडीस 19 युनिटपर्यंत वीज मिळू शकते, म्हणजे जाण्यायेण्याची गरज भागून वर शिल्लक राहते. युनिट कोणाच्या खात्यावर पडावयाचे हा प्रश्न प्रत्येक सॉकेटला स्वतंत्र उपमीटर बसवून आणि महिन्याअखेरीस नोंद घेऊन सुटू शकतो. भिंतीतील जुनी वायर मात्र हा भार तासन्‌तास सोसेल की नाही, हे आधी परवानाधारक तंत्रज्ञाकडून तपासून घ्यावे लागेल.